पिकावर येणारे पक्षी आणि वन्यजीव कायदा : नव्या शेतकऱ्यासाठी मार्गदर्शक

ज्वारी चिकात आली, म्हणजे दाणे दुधाळ झाले, की भोरड्यांचे थवे उतरतात, डाळिंबाला रंग चढू लागला की पोपट फळे टोकरतात आणि भुईमूग पेरून चार दिवस होत नाहीत तोच मोर सरी उकरायला लागतात. वडिलोपार्जित शेती करणाऱ्याला हे नवे नसते. परंतु नोकरी सोडून किंवा निवृत्तीनंतर शेतीकडे वळलेल्या माणसाला पहिल्याच हंगामात प्रश्न पडतो, की या पाखरांना आवरण्यासाठी नेमके काय करण्याची आपल्याला मुभा आहे. दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरेच सांगतो आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती तर बिनदिक्कत फास आणि विषारी दाणे दाखवतात. पीक राखण्याला कायद्याची मनाई नाही. मनाई आहे ती पक्ष्याला, त्याच्या अंड्यांना आणि घरट्याला इजा पोहोचवण्याला. ही सीमारेषा कोठे आहे आणि तिच्या आत राहून काय काय करता येते, ते येथे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी : पक्षी नेमका कोणता, ते ठरवा

कोणताही उपाय करण्यापूर्वी नुकसान करणारा पक्षी ओळखला पाहिजे, कारण कायद्यातील संरक्षण जातीनुसार ठरते आणि उपायही जातीनुसारच बदलतो. 'पाखरे आली' एवढ्या वर्णनावर वनखात्यालाही काही करता येत नाही आणि आपल्यालाही. सकाळी उजाडताना आणि दुपारनंतर उन्हे उतरताना पक्षी सर्वाधिक खातात, तेव्हा त्या दोन वेळा शेतात थांबून छायाचित्रे घ्यावीत. कणसातले दाणे वरच्या वर टिपले असतील तर चिमण्या, मुनिया किंवा सुगरण यांचा संशय घ्यावा. अर्धे खाऊन टाकलेली फळे आणि कुरतडलेली सूर्यफुले ही पोपटांची खूण असते. द्राक्षमण्यांना भोके पडली असतील तर बहुधा बुलबुल किंवा साळुंक्या येऊन गेलेल्या असतात. उकरलेल्या सऱ्या आणि जमिनीवरचे मोठे, तीन बोटांचे ठसे मोराकडे बोट दाखवतात. शेततळ्यात मासे सोडले असतील तर पाणकावळे आणि बगळे यांचाही हिशोब धरावा लागतो.

मराठी नावांवर मात्र पूर्ण विसंबू नये. एकाच पक्ष्याला सोलापूरकडे भोरडी, कोठे पळसमैना, तर कोठे गुलाबी मैना म्हणतात, आणि उलटपक्षी 'कबूतर' या एकाच नावाखाली इमारतीच्या वळचणीला राहणारा पारवा, शेतातला होला आणि वडा-उंबराची फळे खाणारा हरियाल असे निरनिराळे पक्षी गोळा होतात. यातला हरियाल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. म्हणून छायाचित्र जाणकार पक्षिनिरीक्षकाला किंवा तालुक्याच्या वनकर्मचाऱ्याला दाखवून शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. कायद्याच्या यादीत शोधताना तेच उपयोगी पडते.

दुसरी पायरी : त्याची अनुसूची पाहा

भारतातील वन्य पक्ष्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. या कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पूर्वी सहा अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या, होत्या, आता चार आहेत. पहिल्या अनुसूचीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी आणि पक्षी आहेत, दुसऱ्या अनुसूचीत इतर संरक्षित जातींची लांबलचक यादी आहे, तिसरी वनस्पतींसाठी आहे आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराशी संबंधित आहे. शेतकऱ्याला पहिल्या दोनच पाहायच्या असतात. मोर हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि पहिल्या अनुसूचीत आहे. पिकावर येणारे पोपट आणि दाणे टिपणारे बहुतेक लहान पक्षी दुसऱ्या अनुसूचीत मोडतात. कायद्याची अद्ययावत प्रत केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. बाजारात आणि ग्रंथालयांत २०२३ पूर्वीच्या प्रती अजूनही आहेत, त्यामुळे पुस्तक हातात घेताच आधी वर्ष पाहावे.

जुन्या प्रतींमुळे एक गैरसमज टिकून आहे, त्याचा येथेच निकाल लावलेला बरा. जुन्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. तीत उंदीर, घुशी आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्याबरोबर साधा कावळाही होता, आणि म्हणून 'कावळा मारला तर गुन्हा नाही' असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. ती अनुसूचीच आता कायद्यातून वगळण्यात आली आहे, तेव्हा त्या आधारावर केलेली कोणतीही कृती आज टिकणारी नाही.

तिसरी पायरी : 'शिकार' या शब्दात काय काय येते, ते वाचा

कायद्याच्या कलम ९ नुसार पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतील वन्यप्राण्यांच्या शिकारीला मनाई आहे, आणि पक्षीही या व्याख्येनुसार वन्यप्राणीच आहेत. नवख्या माणसाची फसगत होते ती कलम २ मधील शिकारीच्या व्याख्येत. बंदुकीने मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. विष घालणे, पकडणे, फासे किंवा सापळे लावणे, आमिष दाखवणे, जखमी करणे हे सगळे शिकारीत येते, आणि मारण्याचा किंवा पकडण्याचा नुसता प्रयत्नही येतो; म्हणजे फासात एकही पक्षी अडकला नाही तरी फास लावल्याने गुन्हा घडतो. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांचे नुकसान करणे आणि अंडी किंवा घरटे विस्कटणे यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी काठीने पाडणे हे अनेकांना साफसफाईचे काम वाटते. कायद्याच्या भाषेत ती शिकार आहे.

व्याख्येत फासे आणि सापळ्यांच्या जोडीने हाकाऱ्याचाही उल्लेख आहे, त्यामुळे शेतातून पाखरे हाकणेही गुन्हा ठरेल की काय, अशी शंका वाचणाऱ्याला येऊ शकते. तेथे रोख आहे तो प्राणी घेरून धरण्यावर. उभ्या पिकावरून पाखरे उठवून लावणे ही राखणच आहे, असे माझे मत आहे. मात्र अभयारण्याच्या हद्दीतील शेत असेल किंवा पक्षी घरटी करून अंड्यांवर बसलेले असतील, तर आधी वनपालाशी बोलल्याशिवाय गोंगाटाचे उपाय करू नयेत.

शिक्षा कलम ५१ मध्ये आहे. सामान्य उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत, म्हणजे आपल्या शेतावर मोराच्या बाबतीत, कारावास तीन वर्षांपेक्षा कमी नसतो, तो सात वर्षांपर्यंत जाऊ शकतो आणि दंड किमान पंचवीस हजार रुपये असतो. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना असतो, पक्षी मारण्याचा नव्हे. आणि छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागो वा न लागो, तिने पोपट मारणे ही शिकारच ठरते.

चौथी पायरी : परवानगीशिवाय करता येण्याजोगे उपाय आधी करा

येथे शेतकऱ्याच्या हातात वाटते त्यापेक्षा बरेच काही आहे, आणि अर्जविनंत्यांच्या मागे लागण्यापूर्वी हेच उपाय नीट करून पाहावेत, कारण पुढे अर्ज करण्याची वेळ आली तर 'तुम्ही स्वतः काय केले' हा पहिला प्रश्न विचारला जातो.

सर्वांत स्वस्त उपाय पेरणीच्या वेळीच करायचा असतो. शिवारात सगळ्यांची ज्वारी एकदम पिकली तर पाखरांचा भार सर्व शेतांत वाटला जातो. एकट्याचे शेत आधी किंवा मागे राहिले की सगळा थवा तेथेच उतरतो. म्हणून शेजाऱ्यांशी बोलून पेरणी एका आठवड्यात उरकणे हे कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक उपयोगी आहे. बाजरीत कुसळे असलेले वाण निवडल्यास पाखरांना दाणा टिपणे कठीण जाते. मक्याच्या कणसांना त्याच ताटाची हिरवी पाने गुंडाळून ठेवण्याचा उपाय दाणे दुधाळ असताना पोपटांविरुद्ध चांगला चालतो; सगळ्या शेतात ते करणे शक्य नसते, पण पक्षी कडेच्या ओळींवर आधी येत असल्याने बांधालगतच्या तीन-चार ओळी गुंडाळल्या तरी बराच फरक पडतो.

राखणीला पर्याय नाही. माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार आता महाग झाला आहे आणि मिळतही नाही, तरी नुकसानीचे दिवस मोजकेच असतात, हे लक्षात ठेवावे. ज्वारी चिकात आल्यापासून दाणा कठीण होईपर्यंतचा काळ सांभाळला की मोठे संकट टळते. गोफणीतला दगड थव्याच्या दिशेने भिरकावण्याऐवजी गोफणीचा नुसता फटकारा काढावा. दगडाने पक्षी जखमी झाला तर आपण पुन्हा तिसऱ्या पायरीवर येऊन पडतो.

चमकणारी फीत हा राखणीला जोड देणारा उपाय आहे. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने रुपेरी असलेली पॉलिएस्टरची फीत पिकाच्या थोडी वर, पिळे देऊन काठ्यांच्या दरम्यान ताणली की ऊन तिच्यावरून लखलखते आणि वाऱ्याने ती गुणगुणते. जुन्या कॅसेटची फीत बांधण्याची गावोगावची युक्ती याच तत्त्वावर चालते. पक्षी मात्र लवकर सरावतात. फीत पेरणीपासून लावून ठेवली तर नेमक्या गरजेच्या वेळी तिचा दरारा संपलेला असतो, म्हणून दाणे भरू लागल्यावरच ती लावावी, मध्ये जागा बदलावी आणि कापणी होताच गोळा करावी. बुजगावण्याचेही असेच आहे. एका जागी महिनाभर उभ्या असलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर कावळा बसतो, हे सर्वांनी पाहिले आहे. फितीऐवजी नायलॉनचा मांजा ताणण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि तो पक्ष्यांचे पंख व माणसांचे गळे सारख्याच सहजतेने कापतो.

फळबागेत जाळीइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही, पण जाळी निवडताना चूक झाली तर संरक्षणाचे साधनच सापळा बनते. अतिशय बारीक, एकेरी धाग्याची आणि सैल लोंबणारी जाळी पक्ष्याला दिसत नाही. त्यात तो अडकतो, तडफडतो आणि मरतो, आणि मग हेतू काय होता हे वनकर्मचाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. जाळी जाड धाग्याची, ठळक दिसणारी, लहान छिद्रांची आणि चारही बाजूंनी ताणून बसवलेली असावी, जमिनीलगत फट नसावी आणि दिवसातून दोनदा तिच्याकडे फेरी मारावी. खर्च मोठा असतो हे खरे. केंद्राच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात पक्षिरोधक आणि गारपीटरोधक जाळ्यांसाठी अनुदानाची तरतूद आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावरून अर्ज करावा लागतो. मापदंड वेळोवेळी बदलतात, म्हणून जाळी विकत घेण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी; पूर्वसंमतीशिवाय केलेल्या खरेदीवर अनुदान मागणे अवघड जाते.

आवाजाच्या साधनांना दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम : रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र असते. शेत गावाला लागून असेल तर हे पाळावे लागते. दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून बार काढण्याची देशी बंदूक पाखरे आणि माकडे उठवण्यासाठी सर्रास विकली जाते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच बंदुकांमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. पत्र्याचा डबा वाजवणे कमी शानदार असेल, पण त्याने कोणाचा डोळा जात नाही.

विषारी दाण्यांविषयी दुसरा विचारच करू नये. विष घालणे ही शिकार आहेच. शिवाय कीटकनाशक नोंदणीपत्रात दिलेल्या वापराबाहेर वापरणे हा वेगळ्या कायद्याचा भंग आहे, आणि त्या दाण्यांनी पोपटाबरोबर मोर, शेजाऱ्याच्या कोंबड्या आणि मेलेले पक्षी खाणारी घारही मरते.

पाचवी पायरी : सगळे करूनही भागले नाही, तर लेखी परवानगी मागा

कलम ११ मध्ये सवलत आहे, पण ती अनुसूचीनुसार वेगळी आहे. दुसऱ्या अनुसूचीतील पक्षी मानवी जीवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो, आणि मालमत्तेत उभे पीकही धरले आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी मात्र मालमत्तेचे नुकसान हे कारणच कायद्यात नाही. तो माणसाच्या जीवाला धोकादायक असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक आदेश काढू शकतात. त्यामुळे भुईमूग उकरणाऱ्या मोराला मारण्याची परवानगी मागणारा अर्ज कितीही कळवळून लिहिला तरी त्याला कायदेशीर आधार नाही.

एखाद्या जातीला ठरावीक क्षेत्रात आणि ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार कलम ६२ नुसार केंद्र सरकारकडे आहे आणि तोही दुसऱ्या अनुसूचीपुरताच. बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांच्याविषयी २०१५-१६ च्या सुमारास अशा अधिसूचना निघाल्या होत्या. गोव्यात २०१६ मध्ये मोराचा समावेश उपद्रवी प्राण्यांत करण्याची चर्चा झाली आणि तिच्यावर देशभर टीका झाली. मोर पहिल्या अनुसूचीत असल्याने या कलमाची वाट त्याच्यापुरती तेव्हाही बंद होती आणि आताही आहे. ग्रामसभेने ठराव केला म्हणून कोणताही पक्षी उपद्रवी ठरत नाही.

अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. त्यात गट क्रमांक व सातबारा उतारा, पीक आणि त्याखालील क्षेत्र, पक्ष्याचे मराठी व शास्त्रीय नाव, तारखेसह छायाचित्रे, आतापर्यंत केलेले उपाय आणि त्यांचा परिणाम हे सर्व असावे. मागणी नेमकी असावी : पक्ष्यांना हुसकावण्यासाठी मदत हवी आहे, तज्ज्ञाकडून पाहणी हवी आहे, की कलम ११ खालील आदेश हवा आहे. मारण्याचा आदेश सहसा मिळत नाही, आणि मला त्यात वावगे वाटत नाही. शेकडोंच्या थव्यातले दहा पक्षी मारल्याने पीक वाचत नाही. शिवाय हेच भोरडी पक्षी टोळ आणि नाकतोडे फस्त करतात, आणि दाणे खाणारी सुगरण आपल्या पिलांना अळ्या-किडे भरवते. पाहणी आणि मार्गदर्शन मात्र हक्काने मागावे. आदेश मिळालाच तर त्यातील जात, संख्या, मुदत आणि पद्धत यांच्या बाहेर एक पाऊलही जाऊ नये, आणि मारलेला पक्षी सरकारी मालमत्ता असतो, हे विसरू नये.

सहावी पायरी : भरपाईचा मार्ग तपासा

महाराष्ट्रात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीसाठी वनविभाग भरपाई देतो, पण शासन निर्णयांत रानडुक्कर, हरिण, रोही (नीलगाय), गवा, माकड, हत्ती अशा प्राण्यांची नावे घेतलेली आढळतात. म्हणून अर्जापूर्वी त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय वनपरिक्षेत्र कार्यालयातून मागून वाचावा आणि अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी घ्यावे. तोंडी नकारावर पुढे दाद मागता येत नाही. नुकसान दिसताच, पीक काढण्याआधी, कळवले पाहिजे, म्हणजे पंचनामा होऊ शकतो.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांच्या हल्ल्याने होणारे नुकसान २०२६ च्या खरिपापासून स्थानिक जोखमीखाली घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. प्राण्यांची यादी राज्याने अधिसूचित करायची आहे आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत, स्थाननोंद असलेल्या छायाचित्रांसह ॲपवर द्यायची आहे. विमा उतरवताना आपल्या राज्याच्या यादीत पक्षी आहेत का, हे आधीच विचारून घ्यावे.

घर, सोसायटी आणि रस्त्याकडेची झाडे

शहरात प्रश्न बहुधा पारव्यांचा असतो. इमारतीतील पाइपांसाठीच्या पोकळ्या (डक्ट) आणि सज्जे जाळीने बंद करणे, कठड्यावर बसता येऊ नये अशी पट्टी लावणे आणि खाद्य टाकणे थांबवणे हे उपाय सोसायटी स्वतः करू शकते. आधी आत घरटे आणि पिले नाहीत ना, हे पाहून मगच जाळी लावावी. जिवंत पिले आत कोंडून मारणे हा क्रूरपणा आहे आणि १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा तेथे लागू होतो. खाद्य टाकण्याबाबत महापालिकांचे नियम कडक होत चालले आहेत; मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला.

बगळ्यांची वसाहत असलेले झाड विष्ठेच्या दुर्गंधीमुळे तोडावेसे वाटते. पालिकेची वृक्षतोडीची परवानगी हाती असली तरी घरट्यांत अंडी किंवा पिले असताना झाड पाडल्यास वन्यजीव कायद्याचा गुन्हा वेगळा होतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ मध्ये महामार्गाच्या रुंदीकरणासाठी झाड पाडताना अनेक पिले मेली आणि वनखात्याने गुन्हा नोंदवला. पावसाळ्यातली वीण संपेपर्यंत थांबणे, हाच येथे व्यवहार्य मार्ग आहे.

जखमी किंवा मृत पक्षी सापडल्यास

जाळीत अडकलेला पक्षी ओढून काढू नये. पक्ष्यावर कापड टाकून जाळी कापावी आणि त्याला हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवावे. बरा झालेला पोपट पिंजऱ्यात ठेवून घेणे बेकायदेशीर आहे, मग मुलांना त्याचा कितीही लळा लागलेला असो. मृत वन्यपक्षी किंवा मोराची शिकार झाल्याचे दिसल्यास वस्तू तशीच ठेवून छायाचित्र घ्यावे. असा प्राणी वा त्याचा भाग आपल्या ताब्यात आला असेल तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागालाही कळवावे, कारण नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ मध्ये आढळलेल्या बर्ड फ्लूनंतर अशा मृत्यूंची तपासणी प्रयोगशाळेतून करून घेण्याची पद्धत रुळली आहे, आणि कोंबड्या पाळणाऱ्या शेजाऱ्यांसाठी ती माहिती तातडीची असते.